लांबून बोलणारा माणूस

लोहाऱ्यात कुणालाही विचारा, सुभेदार माणिकप्पांसारखा नवरा मिळायला नशीब लागतं म्हणतील. दारू न्हाय, तंबाखू न्हाय, बायकोवर कधी आवाज चढवला न्हाय. फौजेतून पेन्शनीवर घरी आले तेव्हा गल्लीतल्या बाया गिरिजाबाईला म्हणाल्या, सुटलीस गं बाई, आता दोघं राजाराणीसारखं राहा. गिरिजाबाई लाजली. लेक सोनाली लग्न होऊन लातूरला गेलेली, सासूसासरे देवाघरी. घरात दोघंच. एवढी वर्षं वाट पाहिली ती याच दिवसांची की!

आणि वाट पाहावी असाच माणूस होता तो, चिठ्ठीतला. कधी बर्फातून, कधी वाळवंटातून त्यांची चिठ्ठी यायची. "पहाऱ्यावर मी तुझ्याशीच बोलत असतो. सोबतचा जवान विचारतो, साब, किससे बात कर रहे हो? म्हणतो, घरवाली से." एकदा लिहिलं होतं, तू भाकरी थापतेस तो आवाज आठवला आणि फौजेच्या लंगरमधल्या गरम रोट्या मला गोड लागल्या नाहीत. असलं वाचून गिरिजाबाई गोठ्यात जाऊन एकटीच हसायची. मोबाईल आले तरी चिठ्ठ्या थांबल्या नाहीत, कारण फोनवर सुभेदारांना खाकरण्यापलीकडं काही जमत नसे. सुट्टीवर यायचे तेव्हा घर पाहुण्यारावळ्यांनी भरलेलं. त्या गर्दीत नवरा आपल्याशी बोलतो की न्हाय, हे तिला कधी उमगलंच नाही.

उमगलं ते आता. सुभेदार पहाटे उठायचे, घोंगड्याची घडी घालायचे, अंघोळ करून कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसायचे. मग "चहा" म्हणायचे. दुपारी "पाणी" म्हणायचे. मधल्या वेळात गळका नळ, हलती खुर्ची, दाराची कडी, जे दिसंल ते दुरुस्त करायचे. घरात मोडायचं म्हणून काही राहिलं नाही. एका संध्याकाळी ती त्यांच्यापुढं जाऊन बसली आणि म्हणाली, काहीतरी बोला की. सुभेदारांनी लई विचार केला. कपाळावर घाम आला बिचाऱ्यांच्या. मग म्हणाले, "टाकी धुवायला झालीय."

आता याची तक्रार कुणाला सांगावी? मारणारा, पिणारा असता तर चार माणसं मधी पडली असती. न बोलणाऱ्या देवमाणसाचं गाऱ्हाणं सांगायला गेलं तर लोक उलट हिलाच म्हणायचे, सुख टोचतंय होय गं? तवा तिनं मनातच ठेवलं. पण जीव आत आत कुढायला लागला. एकाच छपराखाली, एका हाताच्या अंतरावर नवरा, आणि तिला त्याची आठवण यायची. पूर्वी कधी आली नव्हती तेवढी.

नागपंचमी आली तशी तिनं ठरवलं, माहेरी मुरुमला जायचं. लांब गेलो की हे लिहितील. मोबाईल तिनं मुद्दाम घरीच ठेवला. विसरले म्हणायला बरं. चिठ्ठी टाका असं मात्र सांगितलं नाही. सांगून आलेल्या चिठ्ठीत काय राम? सुभेदारांनी पिशवी उचलून तिला उमरग्याच्या जीपमध्ये बसवलं आणि जीप हलेपर्यंत उन्हात उभे राहिले.

माहेरी भाऊ रेवणप्पा आणि भावजय शांतम्मा. शांतम्मानं गव्हाची गोड हुग्गी केली, पंचमीला झोका बांधला. माहेरवाशिणी जमल्या, गाणी झाली. गिरिजाबाईचं ध्यान सगळं दाराकडं. पोस्टमन गल्लीत यायचा, कुणाला बँकेचं पाकीट, कुणाला आधारकार्ड देऊन निघून जायचा. एकदा रेवणप्पाच्या फोनवर सुभेदारांचा फोन आला. ती पदराला हात पुसत धावली. पण त्यांना गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंय तेवढं हवं होतं, आणि तेही त्यांनी रेवणप्पालाच विचारलं. तिनं आतूनच ओरडून सांगितलं, डब्यांच्या मागं हाय म्हणावं. फोन बंद झाला.

पंचमी सरली. बाकीच्या माहेरवाशिणी आपापल्या घरी गेल्या, झोका सुटला. शांतम्मा तोंडानं काही बोलत नव्हती, पण भाकरी वाढताना बघायची तशी. पन्नाशीची नणंद एवढे दिवस का राहिलीय, हा प्रश्न कुठल्या भावजयीला पडणार न्हाय? शेवटी गिरिजाबाईनं हाय खाल्ली. चिठ्ठी लिहिणारा तो माणूस फौजेतच राहिला, घरी आलाय तो दुसराच कुणीतरी, असं तिनं मनाला समजावलं. पिशवी भरली आणि उद्या सकाळच्या एसटीनं निघते म्हणाली.

त्याच दुपारी चिठ्ठी आली.

पाकिटावरचं अक्षर तिनं बघताच ओळखलं. ती परसात गेली, भिंतीला टेकून बसली.

"प्रिय गिरिजा,
तू गेल्यापासून घर खायला उठलंय. सकाळी चुकून दोन कप चहा ठेवतो आणि दोन्ही मीच पितो, तुझा वाया घालवायला मन होत नाही. तुझी हिरवी साडी दांडीवर वाळलेली आहे, अजून काढली नाही. दारातून आत आलो की पहिली तीच दिसते.
तू पुढ्यात बसलीस की मला शब्द फुटत नाही, गिरिजा. तू बोला म्हणालीस त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत लई काही असतं, पण तुझ्याकडं बघितलं की जीभ टाळूला चिकटते. उभा जन्म तुझ्याशी लांबूनच बोललो, जवळून बोलायचं कुणी शिकवलंच नाही, आणि आता या वयात येईल असं वाटत नाही. तू उद्या परत आलीस तर मी पुन्हा मुका होईन. म्हणून माझं ऐक, अजून थोडे दिवस राहा. मला तुला लई सांगायचं राहिलंय.
तुझाच, माणिक."

तिनं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. हाच तो. कुठं गेला नव्हता, तिथंच होता, तिच्या हाताच्या अंतरावर. लग्न झालेल्या वर्षी हसायची तशी ती हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. वाटलं, आत्ता उठावं, मिळंल ती जीप धरावी आणि त्यांच्या गळ्यात पडावं. ती उठलीसुद्धा. पण दारात पाऊल टाकलं की हे "आलीस?" म्हणतील, आणि पुढं कधीच काही म्हणायचे नाहीत, हेही तिला डोळ्यांपुढं लख्ख दिसलं. ती तशीच उभी राहिली.

शांतम्मा मागनं आली. सुजलेले डोळे बघून तिनं हळूच विचारलं, "वन्सं, दाजींसंगं भांडण झालंय का?"

"भांडण असतं तर बरं होतं, वहिनी. भांडण मिटतं तरी." गिरिजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांचा लई जीव हाय माझ्यावर. म्हणून तर राहते."

मग तिनं पिशवीतल्या साड्या काढून फळीवर ठेवल्या, आणि कोरा कागद कुठं मिळंल ते विचारलं.