नागोजीरावांचा डबा

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला नागोजीरावांच्या माडीवर चार शहाणी माणसं गाणं ऐकायला जमायची आणि भीमसेनला तिथून उठून जावंसं वाटायचं. गाण्यानं नव्हे, गाणं चांगलंच असायचं. उठावंसं वाटायचं ते त्या शहाण्यांमुळं.

नागोजीराव हे निपाणीतले तंबाखूचे बडे व्यापारी. त्यांनी मुंबईहून एक परदेशी अ‍ॅम्प्लिफायर आणवला होता. रुपेरी तोंडाचा, निळ्या दिव्याचा, एकट्याला न पेलणारा. तबकडी फिरायला लागली की डॉक्टर डोळे मिटून म्हणायचे, "अहाहा, काय मखमल आहे आवाजाला!" मग वकील म्हणायचे, "तंबोऱ्याची तार न् तार वेगळी दिसते." तार दिसते म्हणे! स्टँडाजवळ रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणारा भीमसेन दाराशी सतरंजीच्या कडेला बसलेला असायचा, एखादी वायर सैल झालीच तर घट्ट करायला. त्याच्यासाठी खिडकीत एक कानतुटका कप वेगळा ठेवलेला होता, चहा त्यातून यायचा. गाणं कळायला मखमली कान लागतात आणि ते आपल्यालाच आहेत अशी त्या चौघांची खात्री होती.

आणि गंमत अशी, की ते ऐकत होते तो आवाज भीमसेननंच केलेला होता.

झालं होतं असं. गेल्या उन्हाळ्यात विजेचा दाब एकदम वाढला आणि परदेशी डब्याचं आतडं जळून कोळसा झालं. त्याचे भाग इथं काय, मुंबईतही मिळेनात. नागोजीराव रडकुंडीला आले. "कायबी कर भीमसेन, पन पावणे यायच्या आत वाजता कर." भीमसेननं दुकानात स्वतः जुळवलेलं सर्किट आत बसवलं, कोपऱ्यात रंगानं आपलं नावही घातलं आणि मालकांना तसं स्पष्ट सांगितलं. नागोजीरावांनी मान हलवली आणि हळूच म्हणाले, "कुनापाशी बोलू नगंस." त्यानंतरच्या रविवारीही डॉक्टरांना मखमल लागली. तेवढीच, सूतभरही कमी नाही.

भीमसेन गप्प बसला. पण पुढं डॉक्टर-वकिलांच्याच गायन मंडळानं वाचनालयासाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याच्या मनानं उचल खाल्ली. पंधरा वर्षं तो दुसऱ्यांच्या वस्तू नीट करत आला होता. मंडळानं त्याचा घेतला असता तर दुकानाच्या पाटीवर 'दुरुस्ती'च्या जागी 'बनवणारे' असं लिहिता आलं असतं. त्याला तेवढंच हवं होतं. अगदी तसंच सर्किट त्यानं साध्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, डब्याला करडा रंग दिला आणि रविवारी माडीवर नेला.

तीच तबकडी दोन्हींवर वाजली. पत्र्याचा डबा वाजायला लागल्याबरोबर डॉक्टरांनी तोंड कडू केलं. "छे! आवाज पत्र्याचा येतो हो." वकिलांनी कान चोळला. "खरखर आहे. मोठ्या कंपनीचं ते मोठ्या कंपनीचं."

भीमसेननं नागोजीरावांकडं पाहिलं. ते पानाला चुना लावत होते, लावतच राहिले.

"मालक," भीमसेन म्हणाला, "तुमच्या वखारीत नमुना कसा बघता? बशीखाली गावाची चिठ्ठी उलटी ठेवून. आधी वास घ्यायचा, मग चिठ्ठी उघडायची. बोरगावचा माल हाय म्हनून कुनी सांगितलं तर तुमी हाकलून लावता त्याला. माझा बा तितंच पोती उचलायचा, मी बघितलंय. तसंच करूया. दोन्हीवर धोतर टाकतो, वकीलसाहेबांनी सांगावं कुठला कुठला ते."

वकिलांनी डॉक्टरांकडं पाहिलं. मग नागोजीराव हसले. "अरं, गाणं म्हंजे काय तंबाखू हाय व्हय?" सगळे खो खो हसले. हसता हसता नागोजीराव वर म्हणाले, "फरक हाय रं. मला तर लगीच कळला."

सगळं ठाऊक असलेला हा माणूस! भीमसेनला त्या हसण्याची शिसारी आली. डबा काखोटीला मारून तो निघाला तर जिन्यात नागोजीराव मागून आले आणि खांद्यावर हात टाकून म्हणाले, "रागावू नगंस. मुंबईला परदेशी डबं रिकामं मिळत्यात. मी आनतो, तू आत भर. मंडळालाबी त्यातलाच दिऊ. तुझं काम चालंल, लोकांचं समाधान हुईल." तो हात झटकून टाकावासा वाटला, पण भीमसेन नुसताच खाली उतरला.

घरी आई, यल्लव्वा, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"सकाळी एका कारखान्याच्या वळते, दुपारनं दुसऱ्याच्या. तंबाखू एकाच वखारीतली. आन् चौकात लोकं भांडत्यात, हिची चव भारी का तिची म्हनून. लेबल ओढत्यात रं ती, विडी न्हाय."

"मग मी भरू व्हय त्याचं डबं?"

"माझ्या विडीवर माझं नाव घालाय कुनी दिलं न्हाय," ती म्हणाली. "तू तर घालून बसलाईस. दाव की."

पुढच्या रविवारी मैफल रंगात आली होती. डॉक्टरांचे डोळे मिटलेले, मखमल म्हणून झालेली. भीमसेन सतरंजीच्या कडेवरून उठला, मधोमध गेला, खटका बंद करून प्लग काढला. नागोजीराव "अरं अरं" करेपर्यंत चार स्क्रू निघाले होते. त्यानं झाकण उचललं.

"बघा," तो म्हणाला. "उन्हाळ्यापास्नं तुमी हे ऐकताय. परवा ज्याला पत्र्याचा आवाज म्हनलासा, तेच हाय ह्ये. दोन्ही माझ्या हातचं."

सगळे वाकले. आत सर्किटच्या हिरव्या प्लेटच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भीमसेन, निपाणी'. नागोजीरावांचं तोंड उतरलं. भीमसेन एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. आता तरी कुणीतरी म्हणेल, शाबास.

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला, नाव नीट वाचलं आणि मान डोलावली.

"तरीच! मी म्हणतच होतो मनाशी, हल्ली आवाजात जरा पत्रा लागतोय."

"मलाही," वकील म्हणाले. "मालकांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"मलाबी शंका व्हतीच," नागोजीराव म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

भीमसेननं हातातलं झाकण खाली ठेवलं. पाच मिनिटांपूर्वीची मखमल हे लोक त्याच्या डोळ्यांदेखत गिळून मोकळे झाले होते. त्यांच्याशी काय बोलायचं? त्यानं खिशातली पक्कड काढली आणि दिव्याची तेवढी सोडून एकेक वायर तोडली. प्लेट सोडवली. झाकण जागेवर बसवलं, चारही स्क्रू घट्ट पिळले, प्लग लावून खटका दाबला. निळा दिवा छान लागला.

"अरं, आन् आता आमी ऐकायचं कशावर?" नागोजीराव ओरडले.

"डबा हाय की, मालक. तुमी तोच तर ऐकत हुतासा."

जाताना त्यानं खिडकीतला कानतुटका कपही उचलला. प्लेट अजून कोमट होती. ती छातीशी धरून तो जिना उतरला आणि पाटी रंगवणाऱ्या भरमूच्या दुकानाकडं वळला.