एका कोंबडीला एक वीत

शुक्रवारी सकाळी दप्तर पाठीला लावून मी खुराड्यापाशी गेले, तेव्हा माझ्या सुपारी कोंबडीच्या शेपटीच्या जागी नुसतं लाल मांस होतं. पिसं सगळी उपटलेली. आणि बाकीच्या अकरा जणी अगदी शांतपणे, पाळी लावल्यासारख्या, तिथे चोच मारत होत्या. सगळ्यांत पुढे राणी होती.

राणी म्हणजे माझी पहिली कोंबडी. गेल्या वर्षी आठवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी मी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून अंडी उबवली. चोवीस ठेवली, वीस फुटली, आणि राणी सगळ्यांच्या आधी, परीक्षक समोर उभे असताना बाहेर आली. पहिला नंबर. त्याआधी मी वर्गात हजेरीपुरतं तोंड उघडायचे. त्या दिवशी माईक हातात आला आणि मी अकरा मिनिटं बोलले, आणि तेव्हापासून थांबलेलीच नाही. बाबा म्हणतात, अंड्यातून कोंबडी आली आणि तिच्यामागून तनुजा.

वीसपैकी आठ कोंबडे निघाले. ते मार्चमध्ये मुक्ताआत्याने तिच्या नणंदेच्या गावी पाठवले. तिथे त्यांचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

उरल्या बारा. आमचं घर वारज्याच्या गावठाणात. पूर्वी मागे शेत होतं, आता चार मजली इमारती आहेत, त्यातली एक आमची. खाली आम्ही, पहिल्या मजल्यावर विक्रमकाका, वर भाडेकरू. आमची भिंत आणि शेजारच्यांची भिंत यांच्यामध्ये तीन फूट रुंद, चौदा फूट लांब बोळ आहे. खुराडं तिथेच. मी आणि आत्यानेच ते बांधलं. आत्या बाबांची थोरली बहीण, शेत होतं तेव्हा तिच्याकडे चाळीस कोंबड्या होत्या. मी विचारलं, किती मोठं करायचं? तिने पंजा फाकून दाखवला.

"एका कोंबडीला एक वीत. माझ्या आयचं माप हाय."

वीत म्हणजे नऊ इंच. तीन फुटांच्या काठीवर चार कोंबड्या, तीन काठ्या, बारा कोंबड्या. हिशोब इतका देखणा बसला की मी तो वहीत लाल पेनाने चौकटीत लिहिला. चार फूट बाय तीन फूट खुराडं, एकही इंच वाया नाही.

सुरुवातीला दिवसा दार उघडं असायचं. मग भटकी कुत्री बोळाच्या तोंडाशी येऊन बसायला लागली, वरच्या भाडेकरूंच्या स्कूटरच्या सीटवर शिटा पडल्या, आणि जूनमध्ये मी दाराला कडी लावली. दोन महिने झाले. दाणापाणी आत, अंडी आत, सगळं आत. मला वाटत होतं मी त्यांना सांभाळतेय.

मी सुपारीला ओढून बाहेर काढलं. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर रक्त लागलं. बाबा ब्रश तोंडात धरून बघत होते. चूळ भरून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे मला बघवत नाही, तनू. सोनूला सांगतो. रविवारी सकाळी येऊन सगळ्या घेऊन जाईल."

सोनूचं चौकात चिकनचं दुकान आहे.

"बाबा, मी करते काहीतरी."

"दोन दिवस आहेत. कर."

मी शाळेला दांडी मारली. सुपारीला भाजीच्या पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टर भाग्यश्री मॅडमनी जखम धुतली, त्यावर जांभळं औषध फवारलं. लाल रंग दिसला की दुसऱ्या टोचतात म्हणून जांभळं.

"किती कोंबड्या? जागा किती?"

मी ताठ उभी राहून सांगितलं. वीत, इंच, काठ्या, सगळं.

"छान. हे झोपायचं झालं. दिवसा कुठे असतात?"

"आतच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "एका कोंबडीला आत दोन-तीन चौरस फूट तरी हवेत, आणि बाहेर फिरायला आठ-दहा. तू बारा फुटांत बारा कोंबड्या कोंडल्यास. उकरायला माती नाही, पळायला वाट नाही, मग त्या एकमेकींना उकरतात. हिला वेगळी ठेव. आणि टोचायला सुरुवात कुणी केली ते शोध. तिला सगळ्यांत जास्त मोकळी जागा लागेल."

परत येताना पिशवीत सुपारी अजिबात हलत नव्हती. मी दर चौकात थांबून तिचा श्वास बघत होते.

घरी आत्या लसूण सोलत बसली होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली. "तुझं माप चुकीचं होतं."

"माप बरोबर हाय. त्ये रातचं माप हाय. दिवसा माझ्या कोंबड्या पार नदीपातूर जायच्या."

"मग दिवसाचं का नाही सांगितलंस?"

"दिवसाचं कोण मोजतंय गं? तवा कुंपणच नव्हतं." तिने लसूण बाजूला सारला, आणि पिशवीत हात घालून सुपारीचं डोकं चाचपलं.

मी टेप घेतली. बारा गुणिले दहा, एकशे वीस चौरस फूट. पूर्ण बोळ मोजला तर बेचाळीस. गच्चीवर भाडेकरूंच्या टाक्या, सोलर, वाळत घातलेले कपडे. मग पार्किंगमध्ये विक्रमकाकांच्या गाडीची जागा मोजली. आठ बाय सोळा. एकशे अठ्ठावीस. मी आकडे दोनदा लिहिले.

शनिवारी सकाळी काका गाडी पुसत होते. मी वही उघडून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काका, तुमची गाडी आठवड्यातून एकदा हलते. ती रस्त्यावर लावली तर बारा जीव वाचतात."

काकांनी वही घेतली, नीट वाचली, परत दिली. "अक्षर सुधारलंय. बरं, गाडी मी खुराड्यात लावू?"

"मी जाळी लावीन. रोज झाडीन. कुत्री येणार नाहीत. काका, प्लीज, उद्या सोनू येतोय."

"आणि पावसात, उन्हात माझी गाडी बाहेर. तनू, प्रदर्शनात बोललीस ते छान बोललीस. सगळीकडे परीक्षक बसलेले नसतात."

मी बोलत राहिले. खरंच, मी खूप बोलले. दर महिन्याची अंडी देते म्हणाले, गाडी धुऊन देते म्हणाले. काका पुसत राहिले. शेवटी माझा आवाज आठवीच्या आधी होता तसा झाला आणि मी गप्प बसले.

बोळात येऊन खाली टेकले. खुराड्यात आता दुसरीच्या शेपटीवर लाल ठिपका दिसत होता. राणी तिच्यामागे उभी. राणीने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, प्रदर्शनातल्या फोटोत पाहते तसं.

बेचाळीस भागिले दहा. चार. खुराडं विटांवर उचललं, खालची जागाही फिरायला दिली, तर चार. कसंही केलं तरी चार.

मी आत्याकडून तिच्या नणंदेचा नंबर घेतला. सरुबाई. पानशेतच्या रस्त्याला त्यांचं शेत आहे. फोन मीच केला.

"मार्चमध्ये आठ कोंबडे पाठवले होते. त्यांचं काय झालं?"

"खाल्ले बाळ. कोंबडे त्ये. एका दावणीला दोन बैल चालतात, एका उकिरड्यावर आठ कोंबडे न्हाय चालत."

मला हे माहीत होतं. मार्चपासून माहीत होतं.

"आठ कोंबड्या पाठवल्या तर?"

"अंड्यावरच्या हायत का?"

"हो."

"मग त्यास्नी कोण कापतंय? वावर मोकळं हाय. पर म्हाताऱ्या झाल्यावर काय, त्ये मी तुला बोलत न्हाय. खोटं सांगून काय करू?"

"मला मधूनमधून बघायला यायचंय."

"ये की. भाकरी खाऊन जा."

कोणत्या चार ठेवायच्या, हे ठरवायला सगळी दुपार गेली. सुपारी पहिली, कारण नव्या कळपात जखमेसकट ती टिकली नसती. मग ज्या सगळ्यांत कमी टोचत होत्या त्या तीन. मी राणीचं नाव चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं. शेवटच्या वेळी खोडलं तेव्हा कागद फाटला.

रविवारी सोनू यायच्या आत बाबांनी त्याला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि ओळखीच्याचा छोटा टेम्पो बोलावला. मी मागे करंडीला धरून बसले. खडकवासल्यानंतर वारा लागला तशी राणीने एकदाच आवाज केला.

सरुबाईंनी शेताच्या बांधावर करंडी उपडी केली. सात जणी तिथेच घोळका करून उभ्या राहिल्या, एकमेकींना चिकटून, बारा फुटांतच असल्यासारख्या. राणीने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग ती पळाली. मान पुढे, पंख जरा उचललेले, बांधावरून खाली, भुईमुगाच्या ओळींमधून, लांब. मी तिला पळताना कधी बघितलंच नव्हतं. माझ्या वहीत तिचं वजन आहे, अंड्यांची तारीखवार नोंद आहे, पळणं कुठेच नाही.

"ती-ती-ती," मी हाक मारली. ती वळली नाही. माती उकरत होती.

बाबा म्हणाले, "चल."

घरी आल्यावर मी आणि आत्याने खुराडं विटांवर चढवलं, बोळाच्या तोंडाला जाळी ठोकली, दार काढूनच टाकलं. सुपारी अजून पडवीत, टोपलीखाली. तिने थोडे तांदूळ खाल्ले. ती जगेल की नाही, हे डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं नाही आणि मीही कुणाला सांगत नाही.

दिवेलागणीला आत वाकून बघितलं. काठ्या तीन, कोंबड्या तीन. एकेकीला एकेक काठी आली असती. तिघी एकाच काठीवर, एका टोकाला, अंगाला अंग लावून बसल्या होत्या.

आत्याने माझ्या खांद्यावरून डोकावून हात पुढे केला, वीत मोजायला पंजा फाकवला आणि मिटला.