आभारापुरते नाव

सत्य सूर्यासारखे असते, ते कोणालाही झाकता येत नाही, असे मोठे सर दरवर्षी पहिल्याच व्याख्यानात सांगत. सांगता सांगता ते शिपायाला खूण करीत आणि शिपाई खिडकीचा पडदा ओढून घेई. त्या वेळी ऊन नेमके सरांच्या डोळ्यांवर येत असे.

मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. तान्ह्या मुलांच्या कानांवर संशोधन करणारा त्यांचा विभाग लहानसा होता, पण रूढी पाळण्यात एखाद्या खानदानी घराला हार जाणारा नव्हता. रूढी अशी : विभागातून कोणताही शोधलेख छापायला जावो, पहिले नाव सरांचे. दुसरे सरांच्या पत्नीचे. त्या इतिहास शिकवीत. तिसरे जावईबापूंचे. ते खडकांचे अभ्यासक होते आणि रडणाऱ्या मुलांपासून चार हात लांब राहत, पण त्यांची बढती अडली होती. ज्याने काम केले त्याचे नाव अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, 'मोलाच्या मदतीबद्दल आभार' या ओळीत. कोणी कुरकुर करीत नसे. सासूने सोसले ते सुनेने सोसावे, तसे सरांनीही त्यांच्या सरांचे सोसले होते.

या विभागात थोरली काम करी. घरी आई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. सरांनी नेमून दिलेल्या बेडकीत तिने जीव ओतला होता. बेडकी म्हणजे मुठीएवढी डबी. कळ दाबली की ती ठरावीक आवाज करी. तान्ह्या मुलाने पापण्या मिटल्या की कान ठीक. महागडे यंत्र न परवडणाऱ्या दवाखान्यांना ती वरदानच वाटली. लेख छापून आला तेव्हा आईने चष्मा पदराला पुसून तो हातात घेतला. त्यातली भाषा तिला येत नव्हती, पण शाळेचे अर्ज भरून भरून लेकीचे नाव तेवढे त्या लिपीत ओळखता येई.

"कुठंय गं तुझं नाव?"

"शेवटी. हे बघ, आभारात."

"आभार? राबलीस तू आणि आभार? लग्नघरात पाण्याचे पेले फिरवायला आली होतीस का?"

"पुढच्या लेखात येईल, आई."

"येऊ दे बाई. माझे डोळे शाबूत आहेत तोवर येऊ दे म्हणजे झालं."

एक गोष्ट थोरलीने आईला सांगितली नव्हती. यंत्राने बहिरी ठरवलेली काही मुलेही बेडकीपुढे पापण्या मिटत. कारण तिला सापडले होते. डबी उशीवर ठेवली की आवाजाबरोबर उशीही थरथरे. मूल ऐकत नसे, नुसते दचकत असे. लेख जाण्यापूर्वी तिने सरांना हे सांगितले होते.

"ती मुलं झोपेत होती," सर म्हणाले. "झोपेतली मुलं हिशेबात धरत नसतात."

"जागी होती, सर. मी समोर होते."

"तुझ्या पदवीच्या कागदावर सही कोणाची लागते?"

"तुमची."

"मग झोपेत होती."

थोरली गप्प बसली. मुले गाळली गेली, लेख चकचकीत झाला आणि जावईबापूंची बढती झाली.

पुढे घरात गब्बू आला. धाकट्याचा मुलगा. आठ दिवसांचा असताना दवाखान्यात बेडकीने तपासला आणि कान ठीक निघाले. गब्बू हसरा, गुटगुटीत. हाक मारली की मात्र बघत नसे.

"बापावर गेलाय," आई म्हणे. "तो तरी कुठे एका हाकेत ऐकतो?"

सगळे हसत. धाकटाही हसे.

गब्बू वर्षाचा झाल्यावर एका सकाळी धाकट्याची बायको, वहिनी, ओट्याशी भांडी लावत होती. तिच्या हातून ताटांची चळत निसटली. आईने "अगं बाई!" म्हणून छातीवर हात ठेवला, धाकटा खुर्चीतून उठला. त्याच्या खांद्यावरचा गब्बू त्याच्या शर्टाचे बटण ओढण्यात गुंग होता. गुंगच राहिला.

वहिनीने खाली वाकून एक ताट उचलले, गब्बूच्या मागे धरले आणि उलथन्याने बडवले. मग पुन्हा. मग बडवतच राहिली. धाकट्याने शेवटी तिचा हात धरला.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई हळुवार बोलल्या. पहिल्या काही महिन्यांत कळले असते तर फार फरक पडला असता. आता बोलणे कितपत येईल, सांगता येत नाही.

"पण तपासणी झाली होती ना, ताई?" घरी आल्यावर धाकटा म्हणाला. "तुझ्याच बेडकीनं."

त्याने टोमणा मारला नव्हता. तो खरेच विचारत होता. थोरलीने लेखाचा अंक काढला आणि ती लिहायला बसली.

तिने शोधपत्रिकेच्या संपादकांना कळवले. उत्तर आदबशीर आले : आपण या लेखाच्या लेखकांपैकी नाही, तरी लेखकांमार्फत कळवावे. ज्या रूढीने तिला आभारात बसवले, तिनेच बोलण्याचा हक्कही काढून घेतला होता. मग ती सरांकडे गेली.

"सर, लेख मागे घ्यायला हवा."

"लेख म्हणजे काय शेजारणीची वाटी आहे, दिली आणि मागे घेतली?"

"दवाखान्यांत रोज मुलं तपासतायत. माझा भाचा..."

"ऐकलं. वाईट झालं." सरांना खरेच वाईट वाटले होते, त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चौकशी समिती नेमू. अध्यक्ष मीच असतो. दोन-तीन वर्षं जातील. नाहीतर दुसरा मार्ग आहे. मदतनिसाच्या निष्काळजीपणामुळे चूक झाली, असं लिहून दे. लेख या महिन्यात मागे घेतो."

"मदतनीस म्हणजे मी."

"नाव द्यावं लागेल. पदवीचं मग अवघड आहे, हे तुलाही कळतं."

थोरली पडद्याकडे बघत राहिली. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ टेबलावर पडली होती. तिला धडाधड ताट बडवणारी वहिनी आठवली, आणि आपण एकदा गप्प बसलो होतो तेही.

"करते सही. पण एक ओळ माझी. डबी उशीवर ठेवल्यामुळे बहिरी मुलंही दचकतात, हे स्पष्ट छापायचं."

सरांनी हो म्हटले. त्या ओळीने त्यांचे काहीच बिघडत नव्हते. मजकूर त्यांनीच लिहिला आणि आयुष्यात प्रथमच स्वतःचे नाव शेवटी टाकले.

दवाखान्यांतून बेडक्या परत गेल्या. थोरलीने विभागातला आपला डबा आणि छत्री घरी आणली.

अंक आला तेव्हा तो पहिल्यांदा आईच्याच हाती लागला. मांडीवर गब्बू होता. आईने चष्मा पुसला, पान उलटले आणि थबकली. पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत, लेकीचे नाव.

"आलं गं बाई!" ती ओरडली. "आणि पहिलंच! बघ, सरांच्याही वर!"

धाकट्याने तोंड उघडले. थोरलीने त्याच्याकडे बघून मान हलवली, तशी त्याने ते मिटले. वहिनी आत निघून गेली.

आईने त्या नावावरून बोट फिरवले, एकदा, दोनदा. मग गब्बूचे बोट धरून त्याचेही फिरवले.

"ही तुझी आत्या," ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली.

गब्बू हसला आणि त्याने पान तोंडात घातले. आईने ते हळूच सोडवून घेतले, पदराने टिपले, आणि लेकीकडे वळून जरा संकोचाने म्हणाली,

"अजून एक प्रत मिळेल का गं? मावशीला पाठवीन म्हणते. हिचा कोपरा यानं चावलाय."