सुया मोजायच्या

आई घरी बसून शर्टांना बटणं लावायची. सहा वर्षांची थोरली शाळेला जाण्याआधी तिला वीस सुया ओवून द्यायची. पोरीची नजर तल्लख, हात चलाख. आई कौतुकानं म्हणायची, "हीच माझा चष्मा."

बापाचं काम सुटलं होतं. हात मोकळे झाले आणि ते घरातच चालायला लागले. त्याचं पाऊल जिन्यात जड वाजलं की आई एवढंच म्हणायची, "सुया मोज." मग थोरली तीन वर्षांच्या धाकट्याला उचलून शर्टांच्या गठ्ठ्यामागे बसायची आणि त्याला पोटाशी धरून सगळं शांत होईपर्यंत सुया मोजायची.

एकदा मात्र पट्टा तिच्याच पाठीवर पडला. सकाळी वळांना तेल लावताना आईचे डोळे भरून आले. "आज बाईंना सगळं खरं सांग. घाबरू नकोस, मी आहे ना तुझ्या पाठीशी."

तिनं सांगितलं. संध्याकाळी शाळेच्या बाई दारात हजर! बापाच्या तोंडात तेव्हा साखर: "या बाई, बसा." मेल्यानं खुर्चीसुद्धा पुसून दिली. बाईंनी आईला सरळ विचारलं. थोरलीला जराही भीती वाटली नाही. ती आईकडे बघत होती.

आईनं बापाकडे पाहिलं, दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "जिन्यावरून पडली हो. हल्ली खोटं फार बोलते."

बाईंनी सुस्कारा सोडला, थोरलीच्या डोक्यावर टपली मारली आणि गेल्या.

आईचाही नाइलाज असेल. बाई गेल्यावर घरात कोण उरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सहा वर्षांच्या पोरीनं नाइलाज कशाशी खायचा? तिचा विश्वासघात झाला होता, आणि तोही आईकडून. त्या दिवसापासून ती सुया ओवायची, पण आईनं जवळ घेतलं की लाकडासारखी ताठ व्हायची.

महिन्याभरानं धाकटा सुजलेला गाल घेऊन तिच्याकडे धावत आला. उचलून घ्यावं म्हणून दोन्ही हात वर केले. "ताई, बाबांनी मारलं."

तिनं सुईवरची नजर काढली नाही. "पडलास तू," ती म्हणाली. "हल्ली खोटं फार बोलतोस."

आवाज हुबेहूब आईचा होता. आईच्या बोटात सुई घुसली. धाकटा हात वर करून तसाच उभा राहिला.