'लेखिका क'चं वाचन

माझ्या प्रबंधासाठी मालिका लिहिणाऱ्यांच्या खोलीत मला बसू दिलं ते फक्त बाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्य लेखिकेनं. बाकीच्या मालिकांचे निर्माते "कळवतो" म्हणाले होते, ते अजून कळवताहेत. बाईंची अट एकच होती. "प्रबंधातलं आमच्यावरचं प्रकरण आधी इथे वाचायचं. आमच्याकडून काहीही वाचन झाल्याशिवाय बाहेर जात नाही. पटलं नाही, तर परवानगी रद्द." मी खुशाल मान डोलावली. आत शिरायला मिळत असेल तर संशोधकाला सगळ्याच अटी सोप्या वाटतात.

वर्षभर मी त्यांच्या कोपऱ्यात बसले. माझं नाव पडलं 'गुप्तहेर'. एखाद्या प्रसंगावरून हमरीतुमरी व्हायची आणि मग दोन्ही बाजू येऊन माझ्याकडे मन मोकळं करायच्या. मी तापानं पडले, तेव्हा खोलीत काय घडलं ते रोज फोन करून सांगायचे. एवढं तर सख्ख्या भावंडांनीही केलं नसतं.

म्हणूनच प्रकरणातला एक भाग मी सगळ्यात शेवटी लिहिला. मालिकेतला गाजलेला प्रसंग, आई मुलाला घराबाहेर काढते तो, सुचला होता सगळ्यात नव्या लेखिकेला. बाईंनी तो उडवून लावला आणि काही दिवसांनी स्वतःचा म्हणून मांडला. हे माझ्यासमोर घडलं होतं. शिरस्त्याप्रमाणे मी नावांच्या जागी अक्षरं घातली, बाई झाल्या 'लेखिका क'. पण त्या खोलीत मी कुणाला फसवणार होते! तो भाग गाळला असता तर परवानगी पक्की होती, फक्त प्रकरणात चहापाण्याशिवाय काही उरलं नसतं.

वाचनाची त्यांची रीत म्हणजे माणसांची वाक्यं आपसात वाटून घेऊन पात्रांसारखी म्हणायची. 'क'ची वाक्यं कुणी घेईना. बाईंनी चष्मा चढवला. "द्या इकडे. मला पाठच असतील."

"'हे कोण बघणार? घरी बसून कविता कर!'" बाईंनी ठसक्यात वाचलं. कुणीतरी फिसकन हसलं. मग पुढचं पान आलं. "'मला काल एक सुचलंय...'" बाईंनी तीच ओळ पुन्हा वाचली. परवानगी गेली की प्रबंध गेला.

"असंच बोलले मी?"

"हो, बाई."

"मला खरंच वाटलं होतं, मलाच सुचलंय." त्या नव्या लेखिकेकडे वळल्या. "तू बोलली का नाहीस गं?"

"नोकरी नवी होती, बाई."

बाईंनी पेन उचललं. आता काट मारणार, असं मी धरूनच चालले. त्यांनी 'लेखिका क' खोडलं आणि वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

"'क'नं चोरलं म्हटल्यावर कुणाला काय कळणार? माझं नाव छाप, म्हणजे हिचंही छापता येईल. चालेल ना गं तुला?"

तिनं मान डोलावली, डोळे पुसत.

मी आभार मानायला गेले आणि मला रडूच आलं. इतकं मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

"रडतेस काय," बाई म्हणाल्या. "पुढचं वाच. आणखी कुणाकुणाचं काय काय घेतलंय मी, ते कळू दे."