मॅडमचे राहिलेले आभार

आमच्या गावात कार्यक्रम आसला की बाईमाणसाला दोनच कामं. एक तर रांगोळी काढायची, न्हाईतर शेवटी आभार मानायचे. रांगोळीला मपले गुडघे वाकत न्हाईत, म्हणून मपल्या वाट्याला आभार आले. त्या आभारात मी असा एक घोळ घातला की तो निस्तरायला सात वर्षं लागली.

मी सरजाबाई. मुखेडपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव, आन् गावाच्या खालच्या अंगाला आमचं बुद्धनगर. बचत गटाची मी अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे सह्या करायच्या आन् शिव्या खायच्या. मी शिव्या देती बी, म्हणून अजून टिकून हाय.

गोष्ट लुंबिनीपासून चालू झाली. लुंबिनी मपली नात, मपल्या पोराची, आनंदराजची थोरली. तव्हा पाचवीला होती. दुधाचे दात पडून नवे आले, आन् त्या नव्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे! वर्गातली लेकरं 'तंबाखूवाली' म्हणून चिडवायची. पोरगी हसताना तोंडावर हात धरायला लागली, पुढं पुढं हसणंच सोडलं. आन् मी काय केलं? आता खोटं कशाला बोलू. मी तिला दारात बसवायची आन् राखुंडीनं खसाखसा दात घासायची. हिरडीतून रगत यायचं. "आळशी कुठली, दात घासत न्हाईस, चारचौघांत लाज काढतीस," म्हणून पाठीत धपाटा बी घालायची. पोरगी मुकाट रडायची, पट्टे काही जायचे न्हाईत.

बुद्धनगरातल्या निम्म्या लेकरांचे दात तसेच होते. पण रोज डोळ्यापुढं आसलेलं माणसाला कुठं दिसतं?

एक दिवस लुंबिनीनं शाळेतून एक कागद आणला. विद्यापीठातले जाणकार गावोगावच्या मंडळांना, बचत गटांना फुकट व्याख्यान द्यायला येतात, नुसतं पत्र टाकायचं. खाली विषयांची यादी होती. लुंबिनीनं 'पिण्याचे पाणी' ह्याच्यावर खूण केली, पत्र बी तिनंच लिहिलं, आन् मपल्यापुढं धरलं. "आज्जी, सही कर."

मी म्हणलं, "अगं, विद्यापीठातली माणसं आपल्याकडं कशाला येतील? त्यांना गाडी लागंल, हाटेल लागंल."

"तू सही तर कर."

केली. बोलणाऱ्याची अंबाडी इकती आन् न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे मीच तिला शिकवलेलं.

पंधरा दिवसांत फोन आला. बाईचा आवाज. "दोन बाटल्या पाणी पाठवा. एक तुमच्या बोरचं, एक गावातल्या आडाचं. बाटल्यांवर नावं लिहा." आनंदराज नांदेडला मिस्त्रीकामाला जायचा, त्यानं नेऊन दिल्या. आडाची बाटली मात्र वरच्या गल्लीतल्या कस्तुराबाईकडून भरून घेतली. कस्तुराबाई म्हणजे सरपंच भुजंगरावची माय. आमच्यातलं कुणी आडावर जायचं न्हाई. कायदा कव्हाच बदलला, पण पाय बदलत न्हाईत. मपल्या सासूला आडाच्या खाली घागर ठेवून ताटकळत बसावं लागायचं. वरच्या कुण्या बाईला दया आली तर ती लांबून, उंचावरून पाणी ओतायची. म्हणून तर मपल्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवून बुद्धनगरला बोर पाडून घेतला होता. पाणी लागलं तव्हा ह्यो बाबा कपड्यांसकट त्या पाण्याखाली जाऊन उभा राहिला. "सरजे, हे हक्काचं पाणी," म्हणला. पुढं तो गेला, बोर राहिला.

तर कार्यक्रमाचा दिवस उगवला. दुपारी दोनची येळ, विहारात. मॅडम दीडच्या एस.टी.नं आल्या, एकट्या. सुती लुगडं, खांद्याला पिशवी, केसावर धुळा. नाव नीलम्मा. उदगीरकडच्या, म्हणून बोलताना कानडी हेल. मी म्हणलं, "मॅडम, गाडी न्हाई पाठवली विद्यापीठानं?" त्या म्हणल्या, "एस.टी. आहे की! परतीची साडेपाचची आहे ना? तीच शेवटची. ती चुकवू नका म्हणजे झालं."

चहाला घरी नेलं. चहा देताना लुंबिनीचे दात त्यांनी बघितले. मग मपले बघितले. मग जगदेवीच्या, म्हणजे मपल्या सुनेच्या, मांडीवरची बारकी रूपाली बघितली. सहा महिन्यांची होती.

"बाळाला वरचं पाणी चालू केलं का?"

जगदेवी म्हणली, "न्हाई मॅडम, निस्तं अंगावर हाय. रविवारी उष्टावण हाय."

"मी काय सांगते ते ऐकल्याशिवाय थेंबभर पण देऊ नका," मॅडम म्हणल्या. "सगळ्यांसमोर नीट समजावून सांगते."

काय सांगणार आसंल ही बाई?

आता आमच्याकडचा कार्यक्रम तुम्हाला ठाऊक हाय का? नमनाला घडाभर तेल. सूत्रसंचालन साहेबराव गुरुजींकडं. रिटायर माणूस, गळा गोड, आन् माईक हातात आला की खाली ठेवायचं नाव न्हाई. वंदना झाली, प्रतिमापूजन झालं, ते बरोबरच. मग सत्कार. सरपंचांचा, पोलीस पाटलांचा, मुख्याध्यापकांचा, सोसायटीच्या चेअरमनचा, तंटामुक्तीच्या अध्यक्षांचा, माजी अध्यक्षांचा. पाहुण्यांच्या सत्काराला जे हार आणले होते ते गाववाल्यातच संपले! प्रत्येक सत्काराला फोटो, प्रत्येक फोटोला 'जरा इकडं बघा'. आन् मग मनोगतं. भुजंगराव अर्धा तास बोलले, त्यात पाणी हा शबूद एकदा बी आला न्हाई.

साडेचार झाले. मॅडम सत्काराची शाल पांघरून बसल्या होत्या, घामानं भिजून गेल्या होत्या, आन् भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून राहिल्या होत्या. मांडीवर त्यांचे कागद. समोर जगदेवी रूपालीला पाजत बसलेली. मला ते कागद दिसायचे आन् ती पोरगी दिसायची. तेवढ्यात साहेबराव म्हणले, "आता तंटामुक्तीचे अध्यक्ष दोन शब्द बोलतील. त्यानंतर मॅडम पाच मिनिटांत आपलं व्याख्यान उरकतील."

पाच मिनिटांत! मपलं डोस्कं फिरलं. मी उठले, गुडघे कडाकडा वाजवत पुढं गेले आन् साहेबरावच्या हातातला माईक काढून घेतला.

"आता आभार," म्हणलं.

साहेबराव कुजबुजला, "अहो सरजाबाई, आभार शेवटी आसतेत."

"मंग शेवट झाला आसं समजा."

आन् कागद उघडून धडाधड वाचायला लागले. साहेबरावनंच लिहून दिलेला कागद. सरपंचांचे आभार, पोलीस पाटलांचे आभार, मुख्याध्यापक, चेअरमन, मंडपवाला, माईकवाला, सतरंज्या देणारा, सगळ्यांचे आभार. "बाहेर चहा आन् चिवड्याची सोय केली हाय. कार्यक्रम संपला आसं मी जाहीर करते. जयभीम."

आमच्या लोकांना एक सवय हाय. आभार झाले की ढुंगण खुर्चीला टेकत न्हाई. सोन्याचा घडा वाटायचा आसला तरी बसणार न्हाईत. भुजंगराव उठले, चेअरमन उठले, त्यांच्यामागं सगळे पुरुष धोतर-पँटी झटकत चिवड्याकडं गेले. कुणाला राग यायची बी सवड मिळाली न्हाई. बाया उठाय लागल्या तशी मी ओरडले, "बायांनो, खाली बसा! चिवडा कुठं पळून चालला न्हाई!" आनंदराजला दाराशी उभा केला. आन् मॅडमकडं वळून म्हणलं, "मॅडम, आता तुमचं घर, तुमचं अंगण. पाऊण तास हाय. सांगा."

मॅडमनं शाल काढून खुर्चीवर टाकली, पदर खोचला आन् माईक न घेताच बोलायला लागल्या.

पुस्तकातलं काहीच बोलल्या न्हाईत. म्हणल्या, "जमिनीत लई खोल खडक आहे. त्या खडकात एक क्षार असतो, फ्लोराईड. बोर जेवढा खोल, तेवढा तो पाण्यात उतरतो. डोळ्याला दिसत नाही, चवीला कळत नाही, उकळून जात नाही. आठ वर्षाच्या आतल्या लेकराच्या पोटात गेला, की हिरडीच्या आत जे दात तयार होत असतात, ते तिथंच डागाळतात. पुढं मोठ्या माणसांचे सांधे धरतात. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको. तुमच्या आडात पाऊण आहे. बोरमध्ये चार."

मग लुंबिनीला जवळ घेतलं. "हिचे दात घासले नाहीत म्हणून असे नाहीत. हिरडीतून वर यायच्या आधीच ते असे होते. ह्यात पोरीचा काडीचा दोष नाही."

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. त्या राखुंडीचं, त्या रगताचं मला आठवलं. लुंबिनी मपल्याकडं बघत बी नव्हती, ती आपली पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत उभी होती.

आन् माणसाला लाज वाटली की तो आधी भांडतो. मी बी भांडले. "मॅडम, तो बोर मपल्या नवऱ्यानं भांडून आणलाय. आमचं हक्काचं पाणी हाय ते!"

मॅडम रागावल्या न्हाईत. "सरजाबाई, तुमच्या मालकांनी बरोबरच केलं. दोष खडकाचा आहे. धुण्या-भांड्याला, अंघोळीला तेच वापरा. पण पिणं आणि रांधणं आडाच्या पाण्यात."

मागून कस्तुराबाई उठली. सत्तरीची बाई, विहारात पहिल्यांदाच आलेली. "सरजाबाई, उद्यापासून आमच्या आडाचं पाणी न्या."

"तुमच्या आडाचं?" मपली जीभ कुठली ऐकती! "उपकाराचं पाणी आमच्या सासूनं लई पिलं."

कस्तुराबाई म्हणली, "चुकलं मपलं. गावाच्या आडाचं."

सव्वापाचला मॅडमनं पिशवी उचलली. आम्ही सगळ्या बाया पळत फाट्यावर गेलो. एस.टी. आली, मॅडम चढल्या, खिडकीतून हात हलवला. गाडी गेली, धुळा बसला, आन् साहेबराव धापा टाकत आला. "सरजाबाई, कागदाची मागची बाजू वाचली का?"

मी कागद उलटा केला. मागं एकच ओळ होती. 'प्रमुख पाहुण्या प्रा. डॉ. नीलम्मा मॅडम यांचे विशेष आभार.'

अगं माय माय! सतरंजीवाल्याचे आभार मानले, आन् जिच्यासाठी सतरंजी टाकली तिचे राहिले. वरातीमागून घोडं आसतंय, मी घोडंच विसरले.

त्या दिवशी संध्याकाळी लुंबिनीला जवळ घेतलं. "चुकलं गं बाय मपलं. उगं मारलं तुला." ती म्हणली, "आज्जी, मला ठाऊक होतं मी घासती ते. आन् बोरचं पाणी पिणाऱ्याच लेकरांचे दात तसे. म्हणून तर पाण्यावर खूण केली." अकरा वर्षाची पोरगी! मी तिच्या डोस्क्यावर हात ठेवला आन् लई रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन आडावर गेले. जन्मात पहिल्यांदा. कस्तुराबाई कठड्याशी उभी होती. मला वाटलं, ही आता शेंदून ओतती का काय. तिनं ओतलं न्हाई. दोर मपल्या हातात दिला आन् बाजूला सरकली. त्या पाण्यात रविवारी रूपालीची पेज शिजली. दोन वर्षांनी भुजंगरावनं आडावरून बुद्धनगरला नळ आणला. मायनं मागं भुंगा लावला होता, दुसरं काय करील!

पण मॅडमचे आभार काही मला झोपू देईनात. फोन केला तर त्या म्हणायच्या, "राहू द्या हो, माझं कामच आहे ते." पण राहू कसं द्यायचं? नुसत्या तोंडाच्या आभारावर मपला भरवसा उडाला होता. मी ठरवलं, आता दाखवीन तव्हाच मानीन. आन् वाट बघत बसले.

औंदा रूपालीचे पुढचे दुधाचे दात पडले. दोन महिने मी रोज सकाळी तिचं तोंड उघडून बघायची. जगदेवी म्हणायची, "आत्या, पीक हाय का ते?" एक दिवस वर आले. जोंधळ्याच्या कोवळ्या दाण्यावानी पांढरे. एक डाग न्हाई, एक रेघ न्हाई.

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन नांदेडची गाडी धरली. लुंबिनी आता तिथंच कॉलेजला हाय, ती स्टँडवर आली. तिघी विद्यापीठात गेलो. मॅडमचे केस पार पिकलेले, टेबलावर दगडांचा ढीग. आधी वळखलं न्हाई.

मी म्हणलं, "मी आभारवाली, मॅडम."

"अय्यो, सरजाबाई!"

"तुमचे राहिले होते. द्यायला आले." आन् रूपालीला पुढं केलं. "हस गं."

रूपाली कशाची लाजती! बत्तिशी नव्हती, पण होते नव्हते तेवढे दाखवले. मॅडमनं चष्मा काढला, पुसला, परत लावला, पोरीची हनुवटी धरून उजेडाकडं केली. लई वेळ बघितलं. मग हळूच म्हणल्या, "किती गावांना बोलून आले मी, सरजाबाई. पुढं काय झालं ते सांगायला कुणी परत येत नाही." त्यांचे डोळे भरले होते. मपले बी.

"पोचले आभार," त्या म्हणल्या.

"आसे कसे पोचले? मी अजून बोलले कुठं?" मी पिशवीतून तो जुना कागद काढला, उलटा धरला, खाकरले, आन् त्या खोलीत उभी राहून, माईक आसल्यावानी मोठ्यानं, ती एक ओळ वाचली. बाहेरून जाणारी पोरं दारात थांबून बघाय लागली.

"आज्जी, पुरे ना, बस ना खाली," म्हणत लुंबिनीनं मपला पदर ओढला, आन् हसू न आवरून खो खो हसाय लागली. तेच पट्ट्याचे दात. दोन्ही हात तिचे मपल्या पदराला होते.