काचेवरचे दोन आकडे

ही २००८ सालची गोष्ट. मी नाणे टाकून जुगार खेळायचे एक जुने यंत्र आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा पबमध्ये मी उभे असे. कायद्याने ठरवलेले दोन आकडे माझ्या काचेवर छापलेले होते. एका खेळाला जास्तीत जास्त पन्नास पेनी, म्हणजे अर्धा पौंड, आणि बक्षीस जास्तीत जास्त पस्तीस पौंड. मालकीण ग्लेनिस रोज सकाळी ती काच व्हिनेगरने पुसून लख्ख करी. "आमचं यंत्र सरळ आहे हो," असे ती गिऱ्हाइकांना सांगे, तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

मित्रांनो, तिचा दीर क्लाइव्ह मला कधीच आवडला नाही. एका दुपारी पब रिकामा असताना त्याने माझे मागचे दार उघडून आतला एक भाग बदलला. तेव्हापासून मी खेळामागे एक पौंड गिळू लागले आणि शंभर पौंडांचे आमिष दाखवू लागले. ग्लेनिसने त्या आकड्यांवर होड्यांचे कॅलेंडर टांगले. काच पुसणे थांबले.

"पकडले गेलो तर परवाना जाईल, क्लाइव्ह. माझं घरही या पबच्याच माडीवर आहे."

"वहिनी, जुगाराची यंत्रे तपासणारा सरकारी तपासनीस लगेच ओळखू येतो. एकटा बसतो, अर्धा ग्लास बिअर घेतो आणि सरकारी खर्चात दाखवायला पावती मागतो."

मग प्रत्येक अनोळखी चेहऱ्याचा संशय येऊ लागला. एकदा गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक किडकिडीत गृहस्थ आला.

"आला गं तुझा पाहुणा!" म्हातारा कोळी विल्फ कुजबुजला. "अर्ध्या ग्लासाची पावती मागतोय!"

ग्लेनिसने धावत येऊन माझी वीज तोडली. तो बिचारा समुद्रपक्षी मोजायला आला होता.

त्याच सुमारास पबमध्ये दर गुरुवारी होणाऱ्या प्रश्नमंजूषेला नोरीन नावाची बाई येऊ लागली. खळखळून हसायची आणि आपला नंबर आला की सगळ्या टेबलाला बिअर पाजायची. आमच्याकडे टेबलावरचा प्रत्येक जण एकेकदा सगळ्यांना पाजतो, आणि आपला नंबर न टाळणाऱ्याला कुणी गाव विचारत नाही.

"बाई लाख मोलाची!" विल्फ म्हणे.

मला मात्र धास्ती वाटे. हसताना तिचे डोळे माझ्या काचेवर असत. तिसऱ्या गुरुवारी तिने एक पौंड टाकून एकच खेळ खेळला आणि कॅलेंडर हलकेच बाजूला सारले.

"ग्लेनिस, सगळा पब चकाचक, मग एवढीच काच मळकी का गं?" असे म्हणत तिने आपले तपासनिसाचे ओळखपत्र टेबलावर ठेवले.

"पण तुम्ही तर आम्हाला पाजलीत!" विल्फ म्हणाला.

"माझ्या पगारातून, विल्फ."

ग्लेनिसचा परवाना गेला, माडीही सुटली. ती आता बहिणीच्या दुकानात मासे तळते. क्लाइव्ह दंड भरून गाव सोडून गेला. विल्फ अनोळखी माणसाच्या हातचा ग्लास घेत नाही. नोरीन निवृत्त झाली. मी नव्या तपासनिसांच्या शिकवणीच्या खोलीत आहे. रोज कुणीतरी माझे दार उघडते, आणि त्या हातांकडे मी अजून संशयानेच पाहते.

मित्रांनो, माझ्यासारखे कुणी दिसले, तर नाणे काढण्याआधी काचेवरचे आकडे वाचा. ते झाकलेले असतील, तर कॅलेंडर बाजूला सारा. आणि जमले तर ती काच तेवढी पुसा.